विश्लेषण : लढाई आधी की किल्ला आधी? सीताबर्डीचा इतिहास वर्षातून तीनच दिवस का उघडतो?

नागपूर रेल्वे स्थानकाच्या मुख्य दारातून बाहेर पडले की समोर झाडीने झाकलेली एक टेकडी दिसते. पायथ्याला टेकडी गणपतीचे मंदिर, एका अंगाला बर्डीची बाजारपेठ, खाली मेट्रोचे सर्वांत गजबजलेले स्थानक आणि माथ्यावर सीताबर्डीचा किल्ला. शहरातील लाखो लोक रोज या टेकडीला वळसा घालून जातात, पण वर जाता येते ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने इतर दिवशी सामान्यांना प्रवेश नसतो. जी वास्तू पाहता येत नाही, तिच्याविषयी ऐकीव माहिती वाढत जाते. सीताबर्डीचे तसेच झाले आहे. किल्ला कुणी बांधला, महात्मा गांधी तिथे कैदेत होते का, या साध्या प्रश्नांचीही चुकीची उत्तरे वर्षानुवर्षे फिरत आहेत. त्यातील खरे किती आणि ते दुरुस्त करण्यासाठी काय करायला हवे?

‘बर्डी’ हे नाव कुठून आले?

नागपूरकर सीताबर्डी असे पूर्ण नाव फारसे घेत नाहीत. ‘बर्डीला जाऊन येतो’ एवढेच म्हणतात. नावाची सर्वाधिक सांगितली जाणारी कथा दोन भावांची आहे. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाचे दोन गवळी बंधू इथे राहत, त्यांच्या नावांवरून ‘शीतलाबद्री’ झाले आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘सीताबल्डी’ झाले, असे म्हणतात. इंग्रजी कागदपत्रांतले ‘सीताबल्डी’ किंवा ‘सीताबुल्डी’ हे स्पेलिंग आजही दुकानांच्या पाट्यांवर आहे.

ही कथा गोड असली तरी ती लोककथा आहे. मराठीत ‘बरड’ म्हणजे मुरमाड, खडकाळ जमीन. मुरमाच्या उंचवट्याला ‘बर्डी’ म्हणावे, हे भाषेच्या अंगाने अधिक सरळ वाटते. नाव कोणत्याही वाटेने आलेले असो, वस्तीची ओळख त्या खडकाळ टेकडीवरूनच झाली, हे मात्र खरे. ही टेकडीही एक नसून दोन आहेत. एक मोठी, एक लहान आणि मध्ये दोघींना जोडणारी अरुंद पट्टी. १८१७ च्या लढाईचा सारा खेळ या दोन माथ्यांमधल्या अंतरावर झाला.

त्या काळी बर्डी शहरात होती का?

नव्हती. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने ते राजधानीचे शहर केले, तट बांधला. पुढे रघूजी भोसले यांच्याकडे सत्ता आली आणि महाल हा भाग राजवाड्यामुळे शहराचा गाभा झाला. शहराच्या पश्चिमेला जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर. तलावापलीकडे सीताबर्डीची टेकडी, तिच्या पायथ्याला मातीच्या घरांची वस्ती आणि टेकडीच्या पश्चिमेला ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलाचे निवासस्थान, म्हणजे रेसिडेन्सी.

थोडक्यात, बर्डी हे राजधानीबाहेरचे उपनगर होते. भोसल्यांचा दरबार तलावाच्या एका बाजूला, कंपनीचा वकील दुसऱ्या बाजूला. मधली टेकडी ज्याच्या हाती, त्याच्या तोफांच्या टप्प्यात समोरचा. ही भौगोलिक स्थिती लक्षात घेतली नाही, तर पुढची लढाई कळत नाही.

लढाईची वेळ का आली?

दुसरे रघूजी भोसले यांचे मार्च १८१६ मध्ये निधन झाले. त्यांचे पुत्र परसोजी कारभार पाहण्यास असमर्थ होते. त्यामुळे सत्ता चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्याकडे आली. दरबारातील विरोधकांना शह देण्यासाठी अप्पासाहेबांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. दुसरे रघूजी ज्या बंधनापासून हयातभर लांब राहिले, ते वर्षभरातच नागपूरच्या गळ्यात पडले. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळले आणि अप्पासाहेब गादीवर आले. हा खून होता आणि तो अप्पासाहेबांनी करवला, असा ठपका इंग्रजांनी पुढे त्यांच्यावर ठेवला.

गादी मिळाल्यावर तैनाती फौजेचा खर्च आणि रेसिडेंटचा हस्तक्षेप जाचू लागला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने खडकीला इंग्रजांवर हल्ला केला. त्याच महिन्यात, २४ नोव्हेंबरला, अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे आणि जरीपटका जाहीरपणे स्वीकारला. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी त्याचा अर्थ ओळखला आणि तैनाती फौज सीताबर्डीच्या दोन्ही माथ्यांवर आणून बसवली.

२६ आणि २७ नोव्हेंबरला काय घडले?

लेफ्टनंट कर्नल होपटन स्कॉट यांच्या हाताखाली सुमारे १,४०० लोक होते. मद्रास पायदळाच्या २० व्या आणि २४ व्या पलटणी, बंगालच्या सहाव्या घोडदळाच्या तीन तुकड्या आणि रेसिडेंटचे रक्षक. समोर भोसल्यांची फौज इंग्रजी नोंदींनुसार १८ हजारांच्या आसपास, त्यात तीन-चार हजार अरब शिपाई आणि ३६ तोफा. हे आकडे जिंकलेल्या बाजूने लिहिलेले आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवायला हवे. तरीही भोसल्यांचे सैन्य कित्येक पटींनी मोठे होते, याबद्दल वाद नाही.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि रात्रभर चालला. अरब शिपाई पायथ्याच्या वस्तीतील घरांचा आडोसा घेऊन लहान टेकडीवर मारा करत होते. तिथला अधिकारी कॅप्टन सॅडलर मारला गेला. २७ तारखेच्या सकाळी दारूगोळ्याच्या स्फोटाने उडालेल्या गोंधळात अरबांनी लहान टेकडी काबीज केली. तिथून मोठी टेकडी माऱ्याच्या टप्प्यात आली. कंपनीची फौज आता तग धरणार नाही, अशी ती घडी होती. त्याच वेळी रेसिडेन्सीच्या बाजूला थांबलेल्या कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानातील भोसल्यांच्या तोफा आणि स्वारांवर चाल केली. पारडे फिरले. पायदळाने लहान टेकडी परत घेतली आणि दुपारपर्यंत लढाई संपली. सुमारे १८ तासांत कंपनीचे साडेतीनशेहून अधिक लोक मेले वा जखमी झाले, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा.

यातील एक तपशील फारसा सांगितला जात नाही. टेकडी लढवणारे बहुतेक शिपाई हिंदीच होते. मद्रासची २४ वी पलटण ही मूळची पहिली पलटण. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडात सामील झाल्यामुळे तिचा क्रमांक काढून घेतला होता. सीताबर्डीच्या कामगिरीबद्दल शिपायांनी मागितले काय, तर आपला जुना क्रमांक. तो त्यांना परत मिळाला. वेल्लोरला इंग्रजांविरुद्ध उठलेली पलटण अकरा वर्षांनी नागपुरात इंग्रजांसाठी लढली आणि भोसल्यांकडून लढणाऱ्यांत सर्वांत चिवट होते ते अरब. ‘आपले’ आणि ‘परके’ अशा दोन रकान्यांत ही लढाई बसत नाही.

मग किल्ला कुणी बांधला?

इथे पहिली मोठी चूक होते. अप्पासाहेबांनी लढाईच्या तोंडावर हा किल्ला बांधला, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. समाजमाध्यमांवरील चित्रफिती तर ‘भोसल्यांचा किल्ला’ म्हणूनच त्याची ओळख करून देतात. लढाईचे वर्णन मात्र वेगळे सांगते. कंपनीच्या फौजेने टेकडीवर आडोसा उभा केला तो घाईघाईने. किल्ल्याचा तट असता तर वस्तीतल्या घरांमागून होणाऱ्या गोळीबाराने माथ्यावरचे लोक इतके पडले नसते. शिवाय अप्पासाहेबांचा तयार किल्ला तिथे असता, तर त्यात इंग्रज फौज आधी जाऊन बसलीच नसती.

उत्तर लढाईनंतरच्या करारात आहे. १६ डिसेंबर १८१७ रोजी जनरल डव्हटन यांच्या फौजेने भोसल्यांच्या सैन्याचा पुन्हा पराभव केला. महालातील राजवाड्यात अरब शिपाई महिनाअखेरपर्यंत झुंजत राहिले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर झालेला इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि अटी मान्य करून घेऊनच ते बाहेर पडले. जानेवारी १८१८ मध्ये अप्पासाहेबांना तात्पुरते गादीवर ठेवताना ज्या अटी घातल्या गेल्या, त्यात सीताबर्डीच्या टेकड्या इंग्रजांच्या हवाली करणे आणि तिथे त्यांना तटबंदी उभारू देणे, ही अट होती. म्हणजे लढाई आधी झाली, किल्ला नंतर आला. तो शहराचे रक्षण करण्यासाठी नव्हे, शहरावर नजर ठेवण्यासाठी बांधला गेला.

अप्पासाहेबांना मार्च १८१८ मध्ये अटक झाली. अलाहाबादला नेताना ते वाटेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिले, पुढे उत्तरेत भटकत राहिले आणि १८४० मध्ये जोधपूरला त्यांचा अंत झाला. ज्या टेकडीवर त्यांनी राज्य गमावले, त्या टेकडीवरचा किल्ला त्यांच्या नावाने सांगितला जातो, हा विरोधाभास म्हणावा लागेल.

हा फरक एवढा महत्त्वाचा का?

तट कुणी बांधला, याने दगड बदलत नाहीत, असे कुणी म्हणेल. दगडांचा अर्थ मात्र बदलतो. राजाने बांधलेला किल्ला राज्याच्या वैभवाची खूण असतो. पराभवानंतर परक्या सत्तेने राजधानीच्या उशाशी बांधलेला किल्ला राज्य कसे गेले ते सांगतो. तैनाती फौजेचा तह, दरबारातील दुही, एका रात्रीचा निकाल आणि मग डोक्यावर तोफा, हा क्रम विद्यार्थ्याला या एका टेकडीवर उभे राहून समजू शकतो. किल्ला भोसल्यांचा ठरवला की हा धडाच पुसला जातो.

उपनगर शहराच्या मध्यावर कसे आले?

तिसऱ्या रघूजींच्या अल्पवयात रेसिडेंट जेन्किन्स यांनीच कारभार चालवला. म्हणजे सत्तेचे वजन तलावाच्या या बाजूला, बर्डीकडे सरकू लागले. जवळच कामठीला लष्करी छावणी आली. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले, औरस पुत्र नव्हता. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. कचेऱ्या, बंगले, चर्च, कॉलेज हे सारे टेकडीच्या पश्चिमेला आणि उत्तरेला उभे राहिले. त्यालाच आज सिव्हिल लाइन्स म्हणतात. १८६७ मध्ये रेल्वे आली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाच्या परिसरात सुरू झाली. रेल्वे स्थानकाच्या आजच्या वास्तूचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी झाले.

या साऱ्याच्या बरोबर मध्ये बर्डी होती. साहेबांची वस्ती एकीकडे, जुने शहर दुसरीकडे आणि दोन्हींच्या गरजा भागवणारा बाजार टेकडीच्या पायथ्याशी. वकील, शिक्षक, पत्रकार, सावकार, शिंपी, पुस्तकविक्रेते इथे आले. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ या नंतरच्या वस्त्या याच दिशेला वाढल्या. शंभर वर्षांत बाहेरचे उपनगर शहराचे केंद्र झाले. मार्च २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली, तेव्हा दोन्ही मार्ग एकमेकांना भेटतील अशी जागा निवडली गेली ती सीताबर्डीच. दोनशे वर्षांपूर्वी टेकडीने जे स्थान मिळवून दिले, ते अजून टिकून आहे.

१८५७ आणि नंतर किल्ल्याने काय पाहिले?

१३ जून १८५७ च्या रात्री नागपुरात उठाव करण्याचा बेत होता. टाकळी येथील घोडदळातील शिपाई त्यात होते. बेत आधीच फुटला. युरोपीय कुटुंबांनी सीताबर्डीच्या किल्ल्यात आसरा घेतला, मद्रासच्या पलटणी इंग्रजांच्या बाजूने राहिल्या आणि उठावाच्या सूत्रधारांना फाशी देण्यात आली. टिपू सुलतानाचे वंशज नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांना किल्ल्याच्या तटावर फासावर चढवले, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि किल्ल्यातील ‘नऊ गज’ लांबीची कबर त्यांचीच मानली जाते. १८१७ च्या लढाईत पडलेल्यांच्या कबरीही आवारात आहेत. १९११-१२ च्या भारतभेटीत पंचम जॉर्ज आणि राणी मेरी परतीच्या वाटेवर नागपुरात थांबले, तेव्हा त्यांना याच किल्ल्यावर आणले गेले. त्याची खूण म्हणून तिथे स्तंभ आहे.

म्हणजे एकाच आवारात जिंकलेल्यांची स्मारके, हरलेल्यांच्या कबरी आणि सम्राटाचा स्तंभ आहे. असे ठिकाण शहरात दुसरे नाही.

गांधीजी इथे कैदेत होते का?

किल्ल्याबद्दलची सर्वाधिक पसरलेली माहिती ही आहे. महात्मा गांधींना १० एप्रिल ते १५ मे १९२३ या काळात सीताबर्डीच्या किल्ल्यात ठेवले होते, असे प्रवासविषयक लेखांत, माहितीच्या संकेतस्थळांवर, अगदी स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतही वाचायला मिळते. तारखा इतक्या नेमक्या आहेत की शंकाच येत नाही.

गांधीजींच्या चरित्रातील सर्वज्ञात तारखांशी मात्र ही माहिती जुळत नाही. १० मार्च १९२२ रोजी त्यांना साबरमतीला अटक झाली. १८ मार्चला अहमदाबादेत सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी येरवडा कारागृहात झाली. जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाच्या दुखण्यामुळे त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवून शस्त्रक्रिया करण्यात आली आणि ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सुटका झाली. म्हणजे १९२३ च्या उन्हाळ्यात ते येरवड्यात शिक्षा भोगत होते. त्याच काळात ते नागपूरला कैदेत होते, असे म्हणणाऱ्याने समकालीन कागद दाखवायला हवा. तो दाखवला जात नाही, तोवर ही माहिती फलकावर किंवा पाठ्यपुस्तकात वस्तुस्थिती म्हणून येऊ नये.

गंमत अशी की त्याच महिन्यांत याच परिसरात खरोखर मोठा इतिहास घडत होता. १९२३ चा झेंडा सत्याग्रह. १३ एप्रिलला, जालियनवाला बाग स्मृतिदिनी, तिरंगा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे जाताना अडवली गेली. १ मेपासून रीतसर सत्याग्रह सुरू झाला. सिव्हिल लाइन्समधून राष्ट्रध्वज नेता येणार नाही, हा सरकारचा हुकूम आणि तो मोडायचा, हा सत्याग्रहींचा निर्धार. जमनालाल बजाज यांनी नेतृत्व केले, त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल आले. देशभरातून स्वयंसेवकांच्या तुकड्या नागपुरात येत राहिल्या आणि तुरुंगात जात राहिल्या. अखेर १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि कैद्यांची सुटका झाली. खात्रीचा इतिहास किल्ल्याच्या पायथ्याशी असताना तो कुणी सांगत नाही, शंकास्पद तारखा मात्र पाठ होतात.

झिरो माइलचेही असेच झाले आहे का?

टेकडीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर विधान भवनाजवळ झिरो माइलचा दगडी स्तंभ आणि चार घोडे आहेत. हा भारताचा मध्यबिंदू, असे नागपूरकर अभिमानाने सांगतात. तिथल्या दगडावर १९०७ हे साल आणि सर्वेक्षणाची प्रमाण खूण आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे, स्तंभावर वेगवेगळ्या गावांची अंतरे आहेत. ही प्रमाण खूण उंची मोजण्याच्या कामासाठी असते. एखाद्या देशाचा मध्यबिंदू ठरवणे, हे तिचे काम नव्हे. फाळणीनंतरच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यात करौंदी येथे मानला जातो.

याने झिरो माइलचे मोल कमी होत नाही. उलट वाढते. १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताचे महाकाय मापन सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथे आहे. उपखंड मोजण्याच्या त्या उद्योगातील एक खूण नागपुरात शाबूत आहे, ही गोष्ट ‘मध्यबिंदू’पेक्षा मोठी आहे. पण ती सांगायला कुणीतरी तिथे असावे लागते.

वारसा यादीत नाव असणे पुरेसे नाही का?

वारसा वास्तूंच्या याद्या, त्यांच्या श्रेणी, संवर्धन समितीची परवानगी या व्यवस्था गरजेच्या आहेत. त्या भिंती वाचवतात. कमान तोडू नका, दगडाला रंग फासू नका, बाजूला उंच इमारत उभी करताना विचारा, हे त्या सांगू शकतात. वास्तूबद्दल लोकांना काय सांगितले जाते, ते बरोबर आहे का आणि लोकांना ती पाहता येते का, हे त्यांच्या कक्षेत येत नाही. शिवाय संरक्षण खात्याच्या जागेवर महापालिकेला परस्पर काही करता येत नाही. त्यामुळे सीताबर्डीचा प्रश्न यादीने सुटणारा नाही. तो लष्कर, राज्य सरकार आणि शहर यांच्यातील समजुतीने सुटेल.

लष्कराची अडचण खरी नाही का?

खरी आहे. किल्ल्यात प्रादेशिक सेनेची तुकडी आहे. शस्त्रे, दळणवळण, जवानांची निवासस्थाने असलेल्या ठिकाणी रोज गर्दी सोडता येणार नाही. एक बाब लष्कराच्या बाजूने मोकळेपणाने मान्य करायला हवी. बर्डीत आज इंचभर मोकळी जागा उरलेली नाही. तिथे ही टेकडी हिरवी राहिली आणि तट शाबूत राहिला, तो लष्कराच्या ताब्यामुळेच. एम्प्रेस मिलच्या जागेवर काय उभे राहिले, हे नागपूरकरांनी पाहिले आहे. किल्ला उद्या पर्यटनाच्या नावाखाली खाद्यपदार्थांच्या गाड्यांच्या आणि सेल्फी पॉइंटच्या हवाली होणार असेल, तर तीन दिवसच बरे.

पण ‘पूर्ण बंद’ आणि ‘पूर्ण खुले’ यांच्या मध्ये बरेच काही आहे. अहिल्यानगरचा भुईकोट किल्लाही लष्कराकडेच आहे. १९४२ च्या आंदोलनानंतर पंडित नेहरू आणि इतर नेते जिथे कैदेत होते, त्या खोल्या तिथे ओळखपत्राची नोंद करून पाहता येतात. दिल्लीच्या लाल किल्ल्यातून लष्कर २००३ मध्ये बाहेर पडले आणि किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आला. नागपुरात लगेच तसे व्हावे, अशी मागणी करण्याचे कारण नाही. अहिल्यानगरसारखी मधली वाट मात्र नक्की काढता येईल.

मग काय करता येईल?

पहिले, दिवस वाढवावेत. महिन्यातून एक रविवार, ठरावीक संख्या, आधी नोंदणी, ओळखपत्राची तपासणी आणि ठरवून दिलेला मार्ग. शाळांसाठी वेगळे दिवस. सध्या तीन दिवसांत सारी गर्दी एकदम लोटते, लोक रांगेत उभे राहतात, तोफेजवळ फोटो काढतात आणि खाली उतरतात. गर्दी बारा-पंधरा दिवसांत वाटली गेली तर सुरक्षेवरचा ताणही कमी होईल.

दुसरे, माहिती तपासावी. किल्ल्याच्या आत-बाहेर आणि सरकारी संकेतस्थळांवर जी माहिती आहे, ती अभ्यासकांच्या छोट्या समितीकडून तपासून घ्यावी. साधने दुर्मीळ नाहीत. जेन्किन्स यांचा १८२७ चा अहवाल आहे, ग्रँट डफचा इतिहास आहे, १९०८ चे जिल्हा गॅझेटियर आहे, या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ आहे. जिथे पुरावा आहे तिथे तो सांगावा, जिथे केवळ परंपरा आहे तिथे ‘असे सांगितले जाते’ एवढे तीन शब्द लिहावेत. लोककथेला त्याने कमीपणा येत नाही.

तिसरे, टेकडीवर जाता येत नाही त्या दिवशीही तिची गोष्ट खाली सांगता यावी. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकातून रोज हजारो प्रवासी जातात. तिथल्या एका भिंतीवर १८१७ चा नकाशा लावला, तलाव कुठे, महाल कुठे, रेसिडेन्सी कुठे, दोन माथे कुठे हे दाखवले, तर गाडीची वाट पाहताना दोन मिनिटांत लढाई समजेल. रेल्वे स्थानक, टेकडीचा पायथा, झिरो माइल आणि झेंडा सत्याग्रहाचा मार्ग हे सारे पायी फिरण्याच्या अंतरात आहे.

२६ नोव्हेंबर २०१७ रोजी या लढाईला दोनशे वर्षे झाली. खडकी, कोरेगाव, अष्टी या त्याच युद्धातील लढायांविषयी राज्यात बोलले जाते, वादही होतात. सीताबर्डीविषयी वादसुद्धा होत नाही, कारण ती कुणाला नीट ठाऊकच नाही. येत्या २६ नोव्हेंबरला किल्ल्याचे दार उघडले, तर तो चौथा दिवस ठरेल. उरलेल्या तीन दिवसांचा टेकडीवर काय घडले याच्याशी काही संबंध नाही. या चौथ्याचा असेल.